उजव्याला सात जास्त

बाबा गेल्यानंतर चौथ्या महिन्यात एक जोड परत आला. काळा, नाडीचा, पुढून गोल. खोक्यात बुटांवर एक चिठ्ठी ठेवलेली होती आणि तिच्यावर एकच ओळ होती : ‘डावा माझाच आहे. उजवा कोणाचा?’

आईने शिलाईयंत्रावरून न उठता चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे दिली. मी ती वकिलांकडे दिली. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, ओळ वाचली, चिठ्ठी उलटी करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. मग त्यांनी उजवा बूट उचलला आणि आत मापपट्टी घातली.

वकील हे वकील नव्हेत. एकतीस वर्षं ते आमच्या कारखान्यात बूट करतात. ‘कारखाना’ हाही बाबांचाच शब्द. प्रत्यक्षात ती एक लांबट खोली आहे, रस्त्याच्या बाजूला खिडकी, तीन टेबलं, आणि एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फर्मे, म्हणजे पावलाच्या आकाराचे ठोकळे. ज्यांना बाजारातला बूट होत नाही अशांसाठी इथे बूट होतात. एक पाय आखूड असलेले, अपघातात बोटं गेलेले, सूज येणारे. बाबा माप घेत आणि कार्ड लिहीत. आई वरचं कातडं शिवते. बाकी सगळं वकील करतात. कार्डावर लिहिलेल्या शब्दाबाहेर ते एक टाका घालत नाहीत, म्हणून बाबांनी त्यांचं नाव वकील ठेवलं होतं. कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. ही वकिलांचीच अट. नाव कळलं की माणूस डोळ्यांपुढे येतो आणि मापाकडे दुर्लक्ष होतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी तारेला खोचलेल्या कार्डांमधून त्या जोडाचं कार्ड काढलं. अक्षर माझं होतं. डावा २६२, उजवा २६९. मिलिमीटरमध्ये.

“कार्डाप्रमाणे आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले, जरा हळू. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ते फक्त ओठ हलल्यासारखं वाटलं. मग त्यांनी अंगातला कातडी एप्रन काढला, चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. एरवी तो खिळ्याला असतो.

पुढचं सगळं ते आईशी बोलले, माझ्याशी नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही बूट मापासाठी परत आलेला नव्हता. चूक त्यांची असेल तर महिनाअखेरीस ते जातील. दुसरीकडून बोलावणं आहेच, हे आम्हालाही माहीत होतं. चूक त्यांची नसेल तर कोणाची ते शोधावं आणि तसं लेखी द्यावं. आईने ऐकून घेतलं. ते चहाला खाली उतरल्यावर ती मला म्हणाली की हे गेले तर ती खोलीची किल्ली परत देणार. एकटीने कातडं शिवून ते घालायचं कोणाला? हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि बॉबिन बदललं.

त्या दिवशी शनिवार होता. मी एका ग्रंथालयात पुस्तकांची सूची करते आणि शनिवारी दुपारनंतर मोकळी असते. बाबा गेल्यापासून दर शनिवारी मी कारखान्यात येऊन आठवडाभरात वेबसाइटवरून आलेली मापं कार्डांवर उतरवत होते. तेव्हा संशयाची पहिली जागा मीच. मी मूळ ईमेल उघडली. तिथेही २६२ आणि २६९. उतरवण्यात चूक नव्हती. गिऱ्हाइकाने स्वतःच तसं भरलं होतं.

आई म्हणाली, मग झालं, त्याचीच चूक. वकील तोवर परत आले होते आणि त्यांना हे पटलं नाही. जुनं गिऱ्हाईक, त्याला स्वतःचा पाय माहीत नाही? मी या माणसाच्या जुन्या नोंदी काढल्या. पाच वर्षांत तीन जोड. तिन्ही वेळा फॉर्ममध्ये २६२ आणि २६९ असंच भरलेलं. मग त्या जोडांची कार्डं शोधली. ती बाबांच्या अक्षरात होती, आणि तिन्ही कार्डांवर लिहिलेलं होतं : डावा २६२, उजवा २६२.

मी तिन्ही कार्डं टेबलावर ओळीने मांडली. वकिलांनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. बाबा कार्ड लिहिताना आकडा बदलत होते, आणि का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या माणसाला फोन लावण्याआधी मी एक गोष्ट केली. वेबसाइटवर जाऊन गिऱ्हाइकासारखा फॉर्म भरला. डाव्या पावलाची लांबी २६२, उजव्याची २६२. ‘पाठवा’ दाबलं. फॉर्म गेला नाही. उजव्या पावलाच्या रकान्याखाली लाल अक्षरं आली :

‘दोन्ही पाय अगदी सारखे? मग मोजलेले नाहीत. उभं राहून पुन्हा मोजा. मी थांबतो.’

हे वाक्य मी विसरले होते असं म्हणता येणार नाही. ते मीच तिथे टाकलं होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. लांबची गिऱ्हाइकं वाढली, त्यांना यायला जमेना, म्हणून वेबसाइट करायचं ठरलं आणि फॉर्मचं एक तयार प्लगइन, म्हणजे आयता प्रोग्राम, मी त्यात बसवलं. ते स्वतःहून तीन गोष्टी तपासायचं : रकाना रिकामा नाही ना, आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, आणि तो दिलेल्या मर्यादेत आहे ना. चूक असेल तर काय सांगायचं ते मात्र आपण लिहायचं. बाबांनी त्यासाठी एक वही केली. गिऱ्हाईक समोर बसलंय असं समजून त्यांनी प्रत्येक रकान्याचं वाक्य लिहिलं. फोन नंबरला : ‘एक आकडा कमी पडतोय. घाईत आहात का?’ नावाला : ‘खरं नाव नको असेल तर टोपणनाव द्या, पण हाक मारायला काहीतरी द्या.’ रुंदीला त्यांनी ‘हे पाऊल आहे की सुटकेस?’ असं लिहिलं होतं, ते मी काढायला लावलं.

आणि एक नियम त्यांना हवाच होता. डावं आणि उजवं सारखं असेल तर फॉर्म पुढे जाता कामा नये. चाळीस वर्षं पायांशी बसलेल्या माणसाचा तो अनुभव होता. लोक एकच पाय मोजतात आणि तोच आकडा दोन्हीकडे लिहितात. दोन पाय म्हणजे सख्खी भावंडं, ते म्हणायचे, जुळी नव्हेत. मी म्हटलं, कोणाचे तरी असतील सारखे. ते म्हणाले, “आण एक माणूस.” एका रकान्याची दुसऱ्याशी तुलना करणं प्लगइनला येत नव्हतं. त्या दोन रकान्यांपुरत्या दहाबारा ओळी मला हाताने लिहाव्या लागल्या, त्यात दोन शनिवार गेले. त्या ओळींच्या डोक्यावर मी स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती. आता ती दिसली : ‘बाबांचा हट्ट. काढू नये.’

चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ इतिहासाचे शिक्षक निघाले. मी कारखान्यातून बोलतेय म्हटल्यावर त्यांचा आवाज खुलला. घडलं ते त्यांनी क्रमाने सांगितलं, वर्गात सांगावं तसं. नवा जोड घालून ते शाळेत गेले. फळ्यावरून वर्गाकडे वळताना उजवा बूट जागेवर राहिला आणि ते पुढे आले. टेबल होतं म्हणून वाचले. मुलं हसली नाहीत, तेव्हाच त्यांना कळलं की प्रकार बरा नव्हता.

मी विचारलं की उजवं पाऊल खरंच सात मिलिमीटरने मोठं आहे का.

ते म्हणाले, त्यांना पावलं नाहीत. सव्विसाव्या वर्षी दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. हल्लीची पावलं एकाच साच्यातून जोडीने येतात, दोन्ही दोनशे बासष्ट, मिलिमीटरचाही फरक नाही. बूट सैल झाला तरी त्या पायाला कळत नाही, म्हणून बूट नेमका लागतो. पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा त्यांनी खरं तेच लिहिलं. फॉर्म म्हणाला, पुन्हा मोजा, मी थांबतो. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तीनदा झाल्यावर त्यांनी कारखान्यात फोन लावला आणि विचारलं, कारखान्यातून मोजून आलेल्या पायांना अजून किती वेळा मोजू?

“तुमचे वडील इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला,” ते म्हणाले. “मग खूप वेळ माफी मागत होते. म्हणाले, नियम मुलीने लिहिलाय, ती शनिवारी येते, काढून टाकेल. तोवर उजव्याला सात जास्त लिहा. मला कळेल तुम्ही आहात.”

तो शनिवार येऊन पाच वर्षं झाली होती.

“फोन देता का त्यांना?” शिक्षकांनी विचारलं. “म्हणावं, या खेपेला विसरलात.”

मग मी त्यांना सांगितलं. तारीखही सांगितली, का ते माहीत नाही. पलीकडे मागे कुठेतरी घरातली भांडी वाजत होती.

“त्या चिठ्ठीबद्दल माफ करा,” ते म्हणाले. “मी ती त्यांना हसवायला लिहिली होती.”

फोन ठेवल्यावर मी आईला विचारलं की हे तिला माहीत होतं का. तिला माहीत होतं, अर्धंमुर्धं. सातचं माहीत नव्हतं, पण कोणाचे तरी पाय सारखे निघाले आणि बाबा दिवसभर हसत होते हे आठवत होतं. मग मला का नाही सांगितलं त्यांनी? आई म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी तेव्हाच म्हटलं होतं.”

तसं मी म्हटलं असतं. वर्षभर म्हटलं असतं.

वकिलांनी हे सगळं आपल्या टेबलापाशी उभं राहून ऐकलं होतं. मला वाटलं होतं की आता त्यांचं समाधान होईल. झालं नाही. त्यांनी विचारलं, असे आणखी किती? म्हणजे फॉर्मवर एक आणि मालकांच्या मनात दुसरं, अशी किती मापं आहेत? आपण बाबांचे आकडे उतरवत नाही, लोकांनी फॉर्मची समजूत काढायला लिहिलेले आकडे उतरवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्यापेक्षा ते त्यांना लवकर कळलं होतं.

मी गेल्या दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. एकूण एकशे बारा. त्यांतल्या एकोणचाळीस जणांच्या दोन पावलांत बरोबर एक मिलिमीटरचा फरक होता. २४१ आणि २४२. २५५ आणि २५६. माणसांचे पाय असे शिस्तीत वागत नाहीत. लोकांनी एकच पाय मोजला होता, लाल अक्षरं पाहिली होती आणि उजव्यात एक मिळवून ‘पाठवा’ दाबलं होतं. नियमाने कोणालाही मोजायला लावलं नव्हतं. फक्त खोटं जरा नीट बोलायला शिकवलं होतं.

फोनपाशी बाबांची दुसरी एक वही होती. तिच्यात तारखा, क्रमांक, मापं, आणि अनेक क्रमांकांपुढे ‘खो.’ अशी खूण. मी ती चार महिने पाहत होते आणि ‘खोका’ समजत होते, म्हणजे माल पाठवला. आईने मशीनवरून मान न वळवता सांगितलं की ते ‘खोटा’. एकचा फरक दिसला की बाबा त्या माणसाला फोन करायचे. भिंतीला टाच लावा, पायाखाली कागद घ्या, पेन्सिल उभी धरा. तो मोजेपर्यंत फोन धरून बसायचे. कधी अर्धा तास. मग खरं माप कार्डावर लिहायचे आणि वहीत ‘खो.’

म्हणजे नियम फॉर्ममध्ये नव्हताच. फॉर्म फक्त कोणाला फोन करायचा ते सांगत होता.

बाबा गेल्यापासून मी अकरा कार्डं लिहिली होती. चारांत एकचा फरक होता. तीन जोड रवाना झाले होते, चौथा वकिलांच्या टेबलावर फर्म्यावर ताणलेला होता. कोणाची तक्रार आलेली नाही, असं मी म्हटलं. वकील म्हणाले की तक्रार न करणं आणि बूट बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी चौथ्या जोडाचे खिळे उपटून काढायला सुरुवात केली. एप्रन मात्र अजून खुर्चीवरच होता.

मी ते लेखी द्यायचं ठरवलं. एक कोरं कार्ड घेतलं आणि शिक्षकांच्या जोडाचा क्रमांक वर लिहून खाली लिहिलं : ‘बूट कार्डाप्रमाणे बरोबर. कार्डावरचा आकडा चूक. आकडा तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.’ सही केली, तारीख घातली. वकिलांनी ते दोनदा वाचलं.

“मालकांचं नाव नाही यात,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही. बाबांनी शिक्षकांना सात जास्त लिहायला सांगितलं होतं, आणि दर वेळी ते ओळखून कार्डावर आकडा बदललाही होता. त्यांच्याकडून चूक झाली नव्हती, ते फक्त नव्हते.

वकिलांनी कार्ड तारेला खोचलं नाही. खिशात ठेवलं.

मग मी फॉर्म उघडला. आमच्या ग्रंथालयात एक चांगली रीत आहे. पुस्तकावर साल छापलेलं नसेल आणि आपण अंदाजाने लिहीत असू तर ते चौकोनी कंसात लिहायचं. कंस पाहिला की पुढच्या माणसाला कळतं, हे कोणीतरी ठरवलंय, छापलेलं नाही. बाबांच्या फॉर्ममध्ये कंसाची सोय नव्हती. तिथे खरं किंवा खोटं एवढंच होतं, आणि खरं असूनही खोटं ठरलेल्या माणसाला बोलायला जागाच नव्हती. मी तुलनेच्या त्या ओळी काढल्या नाहीत, पण त्यांना अडवायच्या कामावरून हटवलं. आता दोन्ही आकडे सारखे असले, किंवा एकानेच वेगळे असले, की खाली एक नवा रकाना उघडतो : ‘मोजून लिहिलं, अंदाजे लिहिलं, की यात काही सांगण्यासारखं आहे?’ तीनपैकी काहीही निवडलं तरी फॉर्म जातो. फक्त फोन नंबर आणि कधी फोन करू ते रिकामं ठेवता येत नाही.

राहिलं ते बाबांचं वाक्य. लाल रंग काढून मी ते मापाच्या रकान्यांच्या वर, साध्या काळ्या अक्षरांत ठेवलं. पहिले दोन तुकडे काढून टाकले, कारण ते खरे नव्हते हे आता सिद्ध झालं होतं. ‘पुन्हा’ हा शब्दही काढला. ‘उभं राहून मोजा. मी थांबतो.’ एवढं उरलं. वकील माझ्या मागे येऊन उभे राहिले. संगणकाच्या पडद्याकडे ते एरवी पाहतसुद्धा नाहीत.

“कोण थांबतो?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की ते बाबांचं वाक्य आहे.

“ते कळलं. पण लिहिलंय तर कोणीतरी थांबायला पाहिजे. नाहीतर काढून टाक.”

मी माउस हातात घेऊन बसून राहिले. आईचं यंत्र थांबलं होतं. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला, अजून, अजून, अजून, असं सांगत होतं. वाक्य काढायला एक कळ पुरली असती. मी नुसता पानावरचा कर्सर त्याच्या शेवटी नेला, परत आणला, आणि ‘जतन करा’ दाबलं.

मग फोनपाशची वही ओढली आणि नोंदीत पाहून चौथ्या जोडाच्या मालकिणीचा नंबर लावला. डावा २३७, उजवा २३८, असं तिने भरलं होतं. मी कोण ते सांगितलं. विचारलं, दोन्ही पाय मोजले होते का. ती आधी हो म्हणाली. मी काही बोलले नाही. बाबा अशा वेळी काय म्हणत ते मला माहीत नव्हतं, त्यांच्या बाजूचं बोलणं मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली की खरं सांगायचं तर डावाच मोजला, वाकताना पाठ दुखते, आणि आता घरात पुतण्या आहे, त्याला सांगते, पण वेळ लागेल. तुम्ही नंतर कराल का फोन?

“नको,” मी म्हटलं. “मोजा तुम्ही. मी आहे फोनवर.”

तिने फोन कशावर तरी ठेवला. कोणालातरी हाक मारल्याचं ऐकू आलं. ड्रॉवर उघडला, पेन्सिल सापडत नव्हती, मग सापडली. टाच भिंतीला लाव म्हणतात, ती कोणालातरी सांगत होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं. तिला आधीच्या कुठल्यातरी फोनवरून माहीत होतं. आईने यंत्र पुन्हा सुरू केलं. वकिलांनी एप्रनच्या चार घड्या सोडल्या, तो अंगात घातला आणि मागची गाठ मारता मारता ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

पंचवीस मिनिटं झाली. “आहात का?” तिने विचारलं. मी म्हटलं, आहे. तिने आकडे सांगितले. डावा २३७, उजवा २४३.

मी ते नव्या कार्डावर लिहिले. शाई वाळायच्या आत वकिलांनी हात पुढे केला.